चूक बोटाची की बटणाची?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा आदेश राज्य सरकारने १८ सप्टेंबर २०२५ रोजी काढला. दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. या ऑनलाइन फॉर्ममध्ये आधार क्रमांक आणि ओटीपीचे सोपस्कार झाले की एक विधान समोर येत होते. त्याचा आशय असा की, माझ्या कुटुंबातील सदस्य सरकारी सेवेत कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत आणि निवृत्तीवेतनही घेत नाहीत. उत्तरासाठी दोनच पर्याय होते : होय किंवा नाही.

आता ज्या घरात कोणीच सरकारी नोकरीत नाही, त्या घरातल्या बाईने काय निवडायचे? एक म्हणेल, लिहिले आहे ते बरोबर आहे, म्हणून 'होय'. दुसरी म्हणेल, 'आमच्यात कुठे कोण सरकारी नोकरीत? नाही.' म्हणून ती 'नाही' दाबेल. दोघींनी खरेच सांगितले. पण संगणकाच्या लेखी दुसरीच्या घरात सरकारी कर्मचारी निघाला. मराठीत नकारार्थी प्रश्नाला 'हो, नाही' असेही उत्तर देतात आणि नुसते 'नाही' असेही. समोरासमोर बोलताना अर्थ कळतो. यंत्राला तो कळत नाही.

पुढे ई-केवायसी करताना चुकीचा पर्याय निवडला गेल्याने लाभ थांबलेल्या महिलांचा प्रश्न उभा राहिला आणि अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणीच्या सूचना द्याव्या लागल्या. या सगळ्यात 'महिलांनी चुकीचा पर्याय निवडला' हे वाक्य इतक्या सहज वापरले गेले की त्यावर कोणी थांबून विचारही केला नाही. चूक बाईच्या बोटाची होती की फॉर्म तयार करणाऱ्याच्या वाक्याची? दरमहा १५०० रुपये ज्या घरात किराण्याचा आधार आहेत, तिथे हा शाब्दिक वाद राहत नाही. तो पोटाचा प्रश्न होतो.

दार ढकलायचे की ओढायचे?

वस्तू आणि सेवा कशा घडवाव्यात याचे एक शास्त्र आहे. त्याला प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने ते आज ओळखले जाते. त्यांनी दाराचे साधे उदाहरण घेतले. एखादे दार ढकलायचे की ओढायचे हे जर माणसांना वारंवार कळत नसेल, तर माणसे मूर्ख नाहीत, दार वाईट बनवले आहे. वापरणारा चुकला की आधी वस्तू तपासा, हे या शास्त्राचे पहिले तत्त्व आहे.

दुसरे तत्त्व प्रतिसादाचे. आपण काही केले की काय घडले ते लगेच आणि स्पष्ट कळले पाहिजे. भाजीवाल्याच्या गाडीवरचा बोलका डबा आठवा. 'इतके रुपये प्राप्त झाले' असे तो मोठ्याने सांगतो. हातात भाजी आणि समोर गर्दी असताना मावशींना मोबाईल उघडून पाहावा लागत नाही. वाचता येत नसले तरी चालते. वापरणारी बाई कुठे उभी आहे, तिचे हात कशात गुंतले आहेत, तिला कशाची भीती आहे, याचा विचार करून बनवलेली ही वस्तू आहे. म्हणून ती गल्लोगल्ली पोहोचली.

तिसरे तत्त्व आधी वापरून पाहण्याचे. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या या विषयातील जाणकार जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला मुद्दा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे : अवघ्या पाच सामान्य माणसांना वापरायला दिले आणि शांतपणे बघत बसले, तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. आता विचार करा. तो ई-केवायसी फॉर्म राज्यभर खुला करण्याआधी एखाद्या वस्तीतल्या पाच बायकांसमोर ठेवला असता तर? तासाभरात 'होय-नाही'चा घोळ लक्षात आला असता. पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागणाऱ्या त्या फॉर्मसमोर, जिचा नवरा आणि वडील दोघेही हयात नाहीत तिने काय करायचे, हा प्रश्नही पाचातल्या एकीने विचारला असता. प्रत्यक्षात विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी वेगळी सोय नोव्हेंबरमध्ये, मुदत संपत आली तेव्हा जाहीर झाली.

सोय कोणासाठी, अडथळा कोणासाठी?

इथे कोणी म्हणेल, सरकारी कामात असे होतेच, ढिसाळपणा आहे, दुसरे काय? मग खाजगी कंपन्यांचे ॲप पाहू. तिथे ढिसाळपणा नाही. तिथे प्रत्येक बटणाचा रंग, आकार आणि जागा मोजूनमापून ठरते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक बी. जे. फॉग यांनी २००९ साली माणसाच्या वागण्याचे एक सूत्र मांडले. कोणतीही कृती घडायला तीन गोष्टी एकाच क्षणी लागतात : इच्छा, सोपेपणा आणि इशारा. इच्छा थोडी कमी असली तरी कृती अतिशय सोपी केली आणि योग्य वेळी इशारा दिला, तर माणूस ती करून बसतो. मोबाईलवर टणकन वाजणारी सूचना हा इशारा. एका बोटाने सरकणारा पडदा हा सोपेपणा. २००६ साली एझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली. पान संपत नाही म्हणून थांबण्याची जागाच उरत नाही. नंतर आपल्या या शोधाबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. रात्री दहाला 'पाच मिनिटे' म्हणून हातात घेतलेला मोबाईल बाराला खाली ठेवणारा आपला विद्यार्थी केवळ आळशी आहे असे म्हणून भागत नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला पगारी तज्ज्ञांची फौज बसलेली आहे.

आधीच टिक करून ठेवलेल्या पर्यायाची ताकद तर थक्क करणारी आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली युरोपातील अवयवदानाच्या संमतीची तुलना केली. शेजारशेजारच्या, एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांत जर्मनीत संमती सुमारे १२ टक्के होती, तर ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक. कारण काय? जर्मनीत संमती स्वतःहून द्यावी लागत होती. ऑस्ट्रियात संमती गृहीत होती आणि नको असेल तर कळवावे लागत होते. काहीच न करणाऱ्याचे काय होते, हे नियम ठरवत होता.

ही ताकद चांगल्या कामासाठी वापरता येते, तशी फसवणुकीसाठीही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. ग्राहकांना नकळत प्राइम सदस्य करून घेतले जाते आणि सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवले आहे, असा आरोप होता. आयोगाच्या म्हणण्यानुसार रद्द करण्यासाठी ४ पाने, ६ क्लिक आणि १५ पर्याय ओलांडावे लागत. कंपनीत या वाटेला 'इलियड' म्हणत. ट्रॉयच्या दीर्घ युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याचे हे नाव! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता २.५ अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यातील १.५ अब्ज डॉलर ग्राहकांना परत द्यायचे ठरले.

आत यायचे दार रुंद आणि बाहेर जायचे दार भुयारासारखे. या उदाहरणातून एक साधी कसोटी हाती लागते. कोणतेही ॲप, वेबसाइट किंवा फॉर्म हातात आला की पाहा : सोय कुठे ठेवली आहे आणि अडथळा कुठे? पैसे भरायची वाट गुळगुळीत आणि पैसे परत मिळवायची वाट खडकाळ असेल, तर हेतू कळायला वेगळा पुरावा लागत नाही.

कायद्याने ओळखलेली फसवणूक

या फसव्या रचनांना जगभर डार्क पॅटर्न म्हणतात. भारतातही त्यांची दखल कायद्याने घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई लावणे, न सांगता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, नकार देणाऱ्याला 'मला पैसे वाचवायचे नाहीत' अशा वाक्याने लाजवणे, सदस्यत्वाचा सापळा, शेवटच्या पानावर वाढत जाणारी किंमत, बातमीच्या वेशातली जाहिरात हे त्यातले काही.

यादीत आणखी एक प्रकार आहे : फसवा प्रश्न. गोंधळात टाकणारी भाषा किंवा दुहेरी नकार वापरून माणसाकडून नको ते उत्तर काढून घेणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे एखाद्या कंपनीने मुद्दाम गोंधळाचा नकारार्थी प्रश्न विचारून ग्राहकाला फसवले, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ही तत्त्वे वस्तू आणि सेवा विकणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी, विक्रेत्यांसाठी आणि जाहिरातदारांसाठी आहेत. लाडक्या बहिणीच्या फॉर्ममधला प्रश्न कोणी मुद्दाम फसवण्यासाठी लिहिला, असे आपण म्हणत नाही. पण परिणाम पाहा. हेतू वेगळा असला तरी नुकसान तसेच झाले. ग्राहकाला जी स्पष्ट भाषा मिळाली पाहिजे असे सरकार कंपन्यांना बजावते, तीच नागरिकाला सरकारकडून का मिळू नये?

जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले. नोव्हेंबरपर्यंत २६ मोठ्या प्लॅटफॉर्मनी आपण स्वच्छ असल्याची घोषणापत्रे दिली. स्वतःचा पेपर स्वतः तपासून स्वतःला पास करण्याचा हा प्रकार आहे. खरी तपासणी वापरणाऱ्यांच्या तक्रारींतूनच होईल.

जुगाराचे यंत्र खिशात

डिझाइनच्या या ताकदीचा सर्वात क्रूर उपयोग पैशांच्या ऑनलाइन खेळांत झाला. प्रत्येक वेळी बक्षीस मिळाले तर माणूस कंटाळतो, कधीच मिळाले नाही तर सोडून देतो. पण कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो चिकटून राहतो. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून हे विसाव्या शतकाच्या मध्यालाच स्पष्ट झाले होते. ऑनलाइन जुगार याच सूत्रावर चालतो. पहिल्या खेळाला मोफत बोनस, थोडक्यात हुकलेला विजय, दर सामन्याआधी सूचना. नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणाकडे वेळ असतो, आशा असते आणि हातात मोबाईल असतो. म्हणजे इच्छा, सोपेपणा आणि इशारा तिन्ही जमून येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली. सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावत होते. कायदा आला म्हणून सवय जात नाही. बेकायदा ॲपच्या लिंक मेसेजमधून फिरतच राहतात. पण 'पोरगा बिघडला' एवढेच निदान करणाऱ्या घरांनी आणि संघटनांनी समजून घ्यावे की पोराला चिकटवून ठेवण्यासाठी ते यंत्र घडवलेले होते. दोष कुठे आहे हे नीट ओळखले तरच त्याला बाहेर काढता येईल. लाज दिली तर तो फक्त लपवायला शिकेल.

हक्काच्या वाटेवरचे काटे

आता आपल्या घरातल्या विषयाकडे येऊ. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका आणि प्रवेशाची कागदपत्रे अपलोड करा. मग कॉलेजची छाननी, मग विभागाची मंजुरी. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरा. पैसे शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथेही एक मेख आहे. बँकेत आधार कार्ड दिले म्हणजे काम झाले असे विद्यार्थी समजतो. प्रत्यक्षात अनेक खात्यांना आधार लागलेला असला तरी सरकारी रक्कम राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत त्या आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जाते. मग गावाकडच्या जुन्या खात्यात पैसे पडतात आणि पोरगा शहरातल्या बँकेत चकरा मारत राहतो. 'तुमचे पैसे या बँकेच्या, या शेवटच्या चार अंकांच्या खात्यात जातील, बरोबर आहे का?' एवढा एक प्रश्न अर्जाच्या वेळीच सोप्या मराठीत विचारला, तर कितीतरी चकरा वाचतील.

अमेरिकन अभ्यासक पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान यांनी २०१८ साली सरकारी योजनांमधील अशा ओझ्याचे तीन भाग सांगितले : योजना समजून घेण्याचे कष्ट, कागद आणि अटी पूर्ण करण्याचे कष्ट आणि मनाला होणारा त्रास व अपमान. हे ओझे सगळ्यांना सारखेच दिसते, पण सगळ्यांवर सारखे पडत नाही. ज्याच्या घरात शिकलेली पिढी आहे, लॅपटॉप आहे, ओळखीचा अधिकारी आहे, त्याचा अर्ज एका संध्याकाळी होतो. जी मुलगी घरातून पहिल्यांदा कॉलेजला गेली आहे, तिचे वडील रोजंदारीवर आहेत, तिला एका दाखल्यासाठी वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. 'अर्ज त्रुटीत' एवढेच वाचून ती मुकाट्याने शिक्षण सोडते, तेव्हा कागदावर कोणीही तिला नाकारलेले नसते. नाकारण्याचे काम फॉर्मने केलेले असते. शिष्यवृत्तीचा निधी अखर्चित राहिला की 'अर्जच आले नाहीत' असे उत्तर मिळते. अर्ज का आले नाहीत, हा प्रश्न तिथेच थांबतो. तो आपण पुढे नेला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात दिलेला निकाल या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बँकेच्या डिजिटल केवायसीत जिवंतपणाचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या आहेत किंवा ज्यांना दिसत नाही, त्यांनी ती कशी करायची? न्यायालयाने २० निर्देश दिले, पर्यायी पद्धती ठेवायला सांगितल्या आणि डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे फॉर्मची रचना हा आता केवळ तांत्रिक विषय उरलेला नाही. तो मूलभूत हक्काचा विषय आहे. कार्यकर्त्यांनी हा निकाल हाताशी ठेवावा.

'जागरूक राहा' एवढ्याने भागत नाही

कुठे घोळ झाला की एकच उपदेश ऐकू येतो : लोकांनी जागरूक राहावे. जागरूकता हवीच. पण तिच्या आड रचनेची जबाबदारी लपवता येत नाही, हे यूपीआयने दाखवून दिले. यूपीआयमध्ये 'पैसे मागवा' अशी सोय होती. भामटे तिचा वापर करून 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असे सांगत आणि खाते रिकामे करत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, अशा जाहिराती वर्षानुवर्षे झाल्या. तरी लोक फसतच राहिले. शेवटी राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ही सोयच बंद केली. कोट्यवधी लोकांना शहाणे करण्यापेक्षा एक बटण काढणे सोपे आणि परिणामकारक होते. चुकीचा दोष माणसावर ढकलायचे थांबवले की असे उपाय सुचतात.

आपण काय करायचे?

पहिले काम नोंदीचे. अभ्यासिका, विहार आणि वसतिगृहांत अर्ज भरून देणारे तरुण आपल्याकडे आहेत. त्यांनी अर्ज भरून देतानाच एक वहीही ठेवावी. कोणत्या पानावर किती जण अडले, कोणता शब्द कळला नाही, कोणती त्रुटी दाखवली गेली. नावे किंवा आधार क्रमांक लिहू नयेत, फक्त अडचण लिहावी. शंभर अर्जांची अशी नोंद समाजकल्याण कार्यालयात निवेदनासोबत दिली, तर ते निवेदन टाळणे अवघड जाते.

दुसरे काम प्रश्न विचारण्याचे. माहितीच्या अधिकारात विचारा : किती अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबले, कोणत्या कारणाने? फॉर्म खुला करण्याआधी किती सामान्य वापरकर्त्यांकडून तपासून घेतला? दाखल्यांना उशीर झाला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. कंपन्यांच्या फसव्या रचनांबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा आणि तक्रारीत १३ पैकी प्रकाराचे नाव लिहा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही मिळण्याची तरतूद आहे. ती मागण्याची सवय आतापासून लावून घ्या.

तिसरे काम लांबचे, पण तेच सर्वात महत्त्वाचे. आपली मुले आयटीत जात आहेत, कोडिंग शिकत आहेत. त्यांनी डिझाइनही शिकावे. कोणाला 'सामान्य वापरकर्ता' मानायचे, हे ज्या खोलीत ठरते त्या खोलीत आपली माणसे असली पाहिजेत. धुणीभांडी करून आलेली आई, रेंज नसलेले गाव, एकाच मोबाईलवर चालणारे पाच जणांचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला पाच बायकांसमोर फॉर्म ठेवून बघण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

तोवर एक गोष्ट आजपासून करता येईल. कोणी म्हणाले की 'बाईने चुकीचे बटण दाबले', तर नम्रपणे पण ठामपणे विचारा : ते बटण तिथे कोणी ठेवले होते?